रानट्युलिपला त्याच्या डोंगराचं वर्ष द्या

बाजारातून आणलेले मोठ्या फुलांचे ट्युलिप पहिल्या वसंतात अंगण उजळून टाकतात. दुसऱ्या वर्षी एखाददुसरं फूल आणि बरीचशी पानं येतात. तिसऱ्या वर्षी माती उकरली तर निम्मे कंद सापडतही नाहीत. लंडन, ॲम्स्टरडॅम, न्यू जर्सी, टोरांटो अशा ठिकाणी परसबाग करणाऱ्या मराठी मंडळींना हे चांगलं ठाऊक असेल. दर शरदात नवे कंद विकत घ्यायचे आणि उन्हाळ्यात टाकून द्यायचे, हा परिपाठ मोडायचा असेल तर ट्युलिपच्या रानजातींकडे वळावं. या म्हणजे माणसाने संकर न केलेल्या मूळ जाती. त्या बुटक्या असतात, फुलंही लहान असतात. पण जागा मानवली की वर्षानुवर्षं येत राहतात आणि वाढत राहतात. त्यांतल्या काही तर फेब्रुवारी सरता सरता, बागेत दुसरं फारसं काही नसताना फुलतात.

या लवकर फुलणाऱ्या रानट्युलिपांची लागवड कशी करावी आणि ते फुलल्यावर त्यांच्यात काय पाहावं, हे इथे सांगतो. पुढच्या सगळ्या सूचनांचं मूळ एकच आहे. या झाडांना आपल्या बागेचं वर्ष मानवत नाही. त्यांना त्यांच्या डोंगराचं वर्ष द्यावं लागतं.

डोंगराचं वर्ष म्हणजे काय

ट्युलिपचं माहेर मध्य आशिया. तिएन शान आणि पामीर-अलाय या पर्वतरांगांत, म्हणजे आजच्या कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तानात, त्याच्या सर्वाधिक जाती आढळतात. तिथून पश्चिमेकडे इराण, कॉकेशस, तुर्कस्तान, ग्रीसचं क्रीट बेट आणि दक्षिणेकडे अफगाणिस्तानातून थेट पश्चिम हिमालय, असा त्याचा पसारा आहे. क्यू इथल्या शाही वनस्पती उद्यानाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या डायना एव्हरेट यांच्या ग्रंथात ७६ जाती मान्य केल्या आहेत. बाबराने आपल्या आठवणींत काबूलजवळच्या डोंगरपायथ्याचे ट्युलिप मोजून घेतल्याची नोंद केली आहे. ३२ किंवा ३३ प्रकार भरले आणि त्यांतल्या एकाला गुलाबाचा मंद वास होता, असं तो लिहितो.

या मुलखात हिवाळ्याचे तीन-चार महिने जमीन गोठलेली किंवा बर्फाखाली असते. बर्फ वितळलं की माती ओलीचिंब होते, ऊन कोवळं असतं आणि गवत अजून वाढलेलं नसतं. ही संधी जेमतेम सहा ते आठ आठवड्यांची. तेवढ्यात फुटायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुढच्या वर्षाचा कंद भरून ठेवायचा. मग जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाण्याचा थेंब नाही. जमिनीवर झाडाचा मागमूस उरत नाही.

बाहेरून झोपलेला दिसणारा कंद आतून मात्र कामात असतो. आपण लावलेला कंद त्या वर्षीच्या फुलापानांसाठी पुरता खर्च होतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. उन्हाळ्याच्या कोरड्या उबेत या नव्या कंदाच्या पोटात पुढच्या वसंताची कळी आकार घेते. ती कळी दांड्यावर वर यायला पुढे १२ ते १६ आठवडे गारवा लागतो, साधारण ९ अंश सेल्सिअसच्या खालचा. उन्हाळ्यात माती ओली राहिली तर कंद कुजतो. थंडी अपुरी पडली तर फूल पानांतच अडकतं. पानं लवकर कापली तर नवा कंद भरत नाही. थंडी, निचरा आणि कोरडा उन्हाळा ही तीन पथ्यं सांभाळली की बाकीचं झाड स्वतः पाहून घेतं.

कुणाला जमेल

महाराष्ट्रात किंवा गोव्यात हे जमणार नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. पुण्या-नाशिकची थंडी रात्रीची असते, दुपारी ऊन तापतंच. आणि ज्या महिन्यांत कंदाला कोरडं हवं, नेमके तेच आपले पावसाचे महिने. फ्रिजमध्ये कंद थंड करून बागेतल्या संकरित ट्युलिपचं एकदा फूल मिळवता येतं, पण लगेच येणाऱ्या उष्म्यात पुढचा कंद भरत नाही. ज्या झाडाची खरी कमाई दरवर्षी परत येण्यात आहे, त्याला एका फुलासाठी संपवू नये. आपल्या इथल्या वाचकांनी हे ट्युलिप हिमालयात जाऊन पाहावेत. त्याविषयी शेवटी सांगितलं आहे.

ब्रिटन, नेदरलँड्स, जर्मनी, अमेरिकेचा उत्तर भाग आणि कॅनडा इथे राहणाऱ्यांनी निर्धास्तपणे हात घालावा. कॅलिफोर्नियासारख्या सौम्य हिवाळ्याच्या भागात सगळ्या जाती चालत नाहीत. तिथे क्लुसियाना आणि क्रीटमधली साक्साटिलिस या दोन जातींपासून सुरुवात करावी. त्यांना कमी थंडीही पुरते.

सुरुवातीला कोणत्या जाती घ्याव्यात

पहिल्या वर्षी तीन-चार जातींवर थांबावं आणि प्रत्येकीचे दहा-बारा कंद घ्यावेत. रानट्युलिप एकट्यादुकट्याने उठून दिसत नाही, घोळक्याने शोभतो. फुलण्याच्या क्रमाने या पाच जाती लक्षात ठेवा.

तुर्केस्तानिका सगळ्यांत आधी येते. ब्रिटनमध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चभर. एकेका दांड्यावर पाच-सात पांढरी, चांदणीच्या आकाराची फुलं, मध्यभागी पिवळी. पाकळ्यांच्या पाठीवर करडी हिरवट झाक असल्यामुळे मिटलेलं फूल नजरेस पडतही नाही. उंची २० ते २५ सेंटिमीटर.

हुमिलिस पूर्व तुर्कस्तान, इराण आणि कॉकेशसकडची. जेमतेम १० ते १५ सेंटिमीटर उंच, फुलं गुलाबी ते गर्द जांभळी, मार्चमध्ये येणारी. तिचा एक पांढरा वाण आहे, त्याच्या तळाशी पोलादी निळा ठिपका असतो. हा वाण नाजूक आहे, म्हणून आधी जांभळ्या वाणावर हात बसू द्यावा.

कौफमानियाना तिएन शानची. बाहेरून लालसर पट्टे, आतून सायीचा रंग आणि पिवळा गाभा. उन्हात पाकळ्या पार आडव्या होतात, म्हणून तिला कुमुदिनीचं नाव मिळालं आहे. मार्चमध्ये फुलते आणि नवख्या माणसालाही दाद देते.

क्लुसियाना इराणपासून पश्चिम हिमालयापर्यंत आढळते. लायडनच्या विद्यापीठ उद्यानाची घडी १५९३ पासून बसवणाऱ्या कारोलुस क्लुसियस या वनस्पतिज्ञाचं नाव तिला दिलेलं आहे. पानं अरुंद, दांडा सडपातळ, उंची २५ ते ३० सेंटिमीटर. बाहेरच्या तीन पाकळ्यांची पाठ लाल आणि आतलं अंग पांढरं. एप्रिलमध्ये फुलते. जमिनीखालून धुमारे सोडून पसरते, म्हणून तिला जागा मोकळी द्यावी.

टार्डा एप्रिल-मेमध्ये येते आणि हंगाम पुढे नेते. जमिनीलगत पानांचा झुबका, त्यात पिवळ्या चांदण्या आणि प्रत्येक पाकळीचं टोक पांढरं. या पाचांतली सर्वांत कमी तक्रारीची हीच.

कंद घेताना

कंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घ्यावेत, तेही लागवडीतून तयार झालेले. विक्रेत्याकडे तशी खात्री मागावी. मध्य आशियात चराई, खोदकाम आणि फुलं तोडणं यांमुळे कित्येक जाती आधीच अडचणीत आहेत. कझाकस्तानने ग्रेगी ही जात आपल्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत घेतली आहे. रानातून उपटलेला कंद स्वस्त मिळाला तरी तो घेऊ नये. तो घेतला की पुढच्या खोदाईचे पैसे आपण आगाऊ मोजल्यासारखं होतं.

कंद बोटांत दाबून पाहावा. घट्ट आणि वजनदार असावा. निळसर बुरशी किंवा मऊ डाग दिसला तर बाजूला काढावा. रानजातींचे कंद लहान असतात, काही तर हरभऱ्याहून थोडेच मोठे, म्हणून आकार बघून नाउमेद होऊ नये. क्लुसियानाच्या कंदाच्या टोकातून लोकरीसारखे केस डोकावतात. ते तिचं लक्षणच आहे, बुरशी नव्हे.

घरात आणल्यावर कंद कागदी पिशवीत, हवेशीर आणि गार जागी ठेवावेत. सफरचंद आणि केळ्यांपासून दूर ठेवावेत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. स्वयंपाकघरात तर ते ठेवूच नयेत. हे कंद छोट्या कांद्यासारखे दिसतात आणि ते खाण्याजोगे नाहीत. कुत्र्या-मांजरांनाही विषारी आहेत. हाताळताना हातमोजे घालावेत. कंदातल्या रसायनामुळे काहींच्या बोटांना खाज सुटते, कातडी फुटते. ट्युलिपच्या वखारीत काम करणाऱ्यांचा हा नेहमीचा त्रास आहे.

जमिनीत लावताना

दिवसभर ऊन लागणारी जागा निवडावी. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीचा पाया सगळ्यांत उत्तम. तिथे ऊन मुरतं आणि छपराच्या वळचणीमुळे उन्हाळी पाऊसही कमी पडतो. ज्या वाफ्यात उन्हाळ्यात हंगामी फुलझाडं लावून रोज पाणी घालता, तिथे हे कंद टिकणार नाहीत.

लंडनसारख्या चिकणमातीच्या भागात नुसता खड्डा खणून त्यात वाळू टाकली तर त्या खड्ड्यात पाणी साचतं. त्यापेक्षा वाफा २० ते ३० सेंटिमीटर उंच करावा आणि मातीत एक तृतीयांश बारीक, टोकदार खडी मिसळावी. समुद्राची वाळू वापरू नये. ताजं शेणखत घालू नये. डोंगरउतारावरची माती गरीब असते आणि या कंदांना तीच मानवते. माती आंबट असेल तर थोडा चुना मिसळावा.

लावण्याची योग्य वेळ ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबर. माती गार झालेली असली की बुरशीचा धोका कमी होतो. मात्र कॅनडासारख्या ठिकाणी जमीन गोठण्याआधी चार-सहा आठवडे हाताशी राहतील असं पाहावं, म्हणजे मुळं धरतील. लहान कंद १० सेंटिमीटर आणि मोठे १५ सेंटिमीटर खोल लावावेत. दोन कंदांत पाच ते आठ सेंटिमीटर अंतर ठेवावं. टोक वर, मुळाची चकती खाली. वरून मातीवर दोन सेंटिमीटर खडीचा थर द्यावा. पानांच्या बुडाशी ओल थांबत नाही, गोगलगायींना सरकायला अडचण होते आणि लहान फुलांवर चिखलाचे शिंतोडे उडत नाहीत.

खारी आणि उंदीर ताजी माती उकरून कंद पळवतात. लावल्यावर वाफ्यावर तारेची जाळी अंथरून तिच्या कडा दाबाव्यात आणि कोंब वर येऊ लागले की काढून घ्यावी.

कुंडीत लावताना

पहिल्या वर्षी कुंडीच घ्यावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. पाऊस आणि कोरडेपणा आपल्या हातात राहतो आणि फूल डोळ्यांच्या उंचीवर आणून पाहता येतं. कुंडी मातीची आणि खोल असावी, किमान २० सेंटिमीटर. खोलीचं कारण आहे. कोवळे कंद जमिनीत एक पोकळ नळीसारखा धुमारा खाली सोडतात आणि त्याच्या टोकाशी नवा कंद भरतो. अशा रीतीने झाड स्वतःला दरवर्षी थोडं खोल नेतं, जिथे उन्हाळ्याची धग आणि प्राण्यांचे दात पोचत नाहीत. उथळ कुंडीत हे कंद तळाशी चेंगरतात.

दोन भाग चांगली माती, एक भाग बारीक खडी आणि थोडं पानकुजीचं खत असं मिश्रण पुरतं. नुसत्या नारळाच्या भुश्यात किंवा पीटमध्ये लावू नये. एकदा सुकलं की ते पुन्हा नीट भिजत नाही आणि भिजलं की सुकत नाही. कुंडीखाली बशी ठेवू नये. विटांचे तुकडे ठेवून ती जमिनीपासून उचलावी.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्यावं, नंतर माती जेमतेम दमट ठेवावी. कुंडी बाहेर थंडीतच राहू द्यावी. घरात उबेला आणण्याचा मोह झाला तरी आवरावा. टोरांटो किंवा मिनेसोटासारख्या कडाक्यात कुंडीतली माती आरपार गोठते, आणि एवढी थंडी जमिनीतल्या कंदालाही सोसावी लागत नाही. तिथे कुंडी न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवावी, महिन्यातून एकदा थोडं पाणी द्यावं आणि वितळ सुरू झाल्यावर बाहेर काढावी.

हंगामाच्या तोंडाशी

जानेवारी-फेब्रुवारीत खडीतून लालसर टोकं डोकावू लागतात. पाणी वाढवायचं ते इथून. डोंगरावर बर्फ वितळण्याचा हाच काळ, तेव्हा या आठवड्यांत कुंडी कोरडी पडू देऊ नये. पानं उलगडताना पाण्याचा ताण बसला तर कळी आतल्या आत सुकते. पहाटेच्या दहिवराने पानं लवलेली दिसली तरी घाबरू नये. ऊन आलं की ती उभी राहतात. खरा शत्रू आठवडाभराचा रिपरिप पाऊस. अशा वेळी कुंड्या वळचणीखाली सरकवाव्यात. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचाव्यात. एका रात्रीत त्या हुमिलिसची सगळी फुलं फस्त करू शकतात.

पाहायचं काय

रानट्युलिप पाहण्याची वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन, तीही उन्हाच्या दिवशी. ढगाळ दिवशी फुलं मिटलेली असतात आणि कित्येक जण त्यांना कळ्या समजून पुढे जातात.

हे उघडणं-मिटणं मुख्यतः उष्णतेवर चालतं. पाकळीची आतली बाजू उबेत जास्त वेगाने वाढते, म्हणून पाकळी बाहेर वळते. गारवा आला की बाहेरची बाजू वाढते आणि पाकळी आत वळते. हे घरी पडताळता येतं. ढगाळ दिवशी तुर्केस्तानिकाची मिटलेली कुंडी उबदार खोलीत आणा आणि समोर बसा. आधी तीन बाहेरच्या पाकळ्या सैल होतात, मग फुलाच्या तोंडाशी फट पडते, आतला पिवळा रंग दिसू लागतो आणि थोड्याच वेळात करड्या कळीच्या जागी पांढरी चांदणी असते. पाहून झालं की कुंडी लगेच बाहेर ठेवा. प्रत्येक उघडमिटीत पाकळी थोडी थोडी वाढत असल्यामुळे पहिल्या दिवशीचं आणि शेवटच्या दिवशीचं फूल सारखं नसतं. मोजपट्टीने एकाच पाकळीची लांबी रोज मोजून पाहा.

मग भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. उघडलेल्या फुलात सहा पुंकेसर असतात. त्यांच्या दांड्या जिथे पाकळ्यांना चिकटतात तिथे नजर लावा. हुमिलिस, तुर्केस्तानिका आणि टार्डा यांच्या दांड्यांच्या बुडाशी बारीक केसांचं कडं दिसेल. क्लुसियाना आणि कौफमानियानाच्या दांड्या गुळगुळीत असतात. ट्युलिपचे मोठे गट पाडताना वनस्पतिशास्त्रज्ञांनी हेच लक्षण धरलं आहे. रंग फसवतो, उंची मातीवर ठरते, पण हे केस फसवत नाहीत. चुकीच्या नावाने विकलेला कंद ओळखायलाही याचा उपयोग होतो.

फुलावर कोण येतं तेही टिपा. लवकरच्या हंगामात ब्रिटनच्या बागांत मोठ्या भुंगेमाश्यांच्या राण्या आणि एकट्या राहणाऱ्या छोट्या मधमाश्या परागासाठी येतात. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लाल ट्युलिपांचं परागीभवन मुख्यतः भुंगेरे करतात. लाल पाकळ्यांच्या तळाशी असणारा काळा डाग त्यांना ओढून आणतो, असं अभ्यासक मानतात.

एक वही ठेवा. कोंब दिसल्याची तारीख, पहिलं फूल उघडल्याची तारीख, त्या वेळचं तापमान, एका दांड्यावरची फुलं, फुलणाऱ्या आणि नुसतंच एक पान दिलेल्या झाडांची संख्या. हे शेवटचं टिपण फार मोलाचं आहे. फुलण्याएवढा न भरलेला कंद एकच पान काढतो. दरवर्षी अशी एकपानी झाडं वाढत असतील पण फुलं कमी होत असतील, तर कंद दाटले आहेत किंवा उन्हाळ्यात ओल लागते आहे. झाड काय मागतं ते असं टिपणातून कळतं, आणि पुढच्या शरदात काय बदलायचं तेही त्यातूनच ठरतं.

फुलं गेल्यावर

पुढच्या वर्षाचं फूल या सहा आठवड्यांत ठरतं. बी नको असेल तर सुकलेलं फूल देठाजवळ खुडावं, पण पानांना हात लावू नये. ती पिवळी पडून आपोआप सुटेपर्यंत राहू द्यावीत. गाठी मारणं, वेणी घालणं हेही टाळावं. कुंडीतल्या झाडांना पालाश जास्त असलेलं द्रवखत, टोमॅटोला देतात ते, निम्म्या ताकदीने दर पंधरवड्याला द्यावं. पानं पिवळी पडू लागली की खत थांबवावं, मग पाणीही. जूनपासून कुंडी पावसाच्या आड, उबदार आणि हवेशीर जागी ठेवावी. बंद काचघरात भाजून काढू नये. सप्टेंबरमध्ये कंद वेगळे करावेत आणि ऑक्टोबरच्या अखेरीस नव्या मातीत पुन्हा लावावेत.

पानं वेडीवाकडी, तपकिरी ठिपक्यांची आणि करपल्यासारखी दिसली तर ती ट्युलिपची करपा देणारी बुरशी आहे. असं झाड कंदासकट काढून घरच्या कचऱ्यात टाकावं, खताच्या ढिगात नको, आणि त्या जागी तीन वर्षं ट्युलिप लावू नये. एकरंगी फुलात अचानक पट्टे-फराटे दिसले तर तो विषाणू असतो. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये अशाच फराट्यांच्या फुलांना वेड्यासारखे भाव आले होते. हा संसर्गजन्य रोग असल्याचं डोरोथी केली यांनी १९२८ साली दाखवून दिलं. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. म्हणून रोगट झाड ठेवू नये आणि मावा वेळीच आवरावा.

रानात पाहायचे असतील तर

आपल्या देशात रानट्युलिपसाठी पश्चिम हिमालय गाठावा. क्लुसियाना काश्मीरपासून कुमाऊँपर्यंत, साधारण दीड ते अडीच हजार मीटर उंचीवर, खडकाळ उतारांवर आणि शेतांच्या कडेला मार्च-एप्रिलमध्ये आढळते. श्रीनगरला झबरवान टेकड्यांच्या पायथ्याशी २००७ साली खुलं झालेलं ट्युलिप उद्यान पाहायला आपली माणसं मोठ्या संख्येने जातात. तिथले रांगांत लावलेले ट्युलिप संकरित आहेत. त्याच सहलीत एक सकाळ राखून स्थानिक माहितगार माणसाबरोबर गावाबाहेरच्या उतारावर जावं. काश्मीरमध्ये मातीच्या छपरांवर ट्युलिपचे कंद लावण्याची चाल होती. जहांगीरने आपल्या आठवणींत तिचं कौतुक केलं आहे. त्याच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने काश्मीरची शंभराहून जास्त फुलं चितारली. त्याचं लाल ट्युलिपचं चित्र आजही प्रसिद्ध आहे. आता पत्र्याची छपरं आल्याने ते दृश्य दुर्मीळ झालं आहे.

परदेशी जाणाऱ्यांनी एप्रिलमध्ये कझाकस्तानचं अक्सू-झाबाग्ली अभयारण्य किंवा क्रीटमधलं ओमालोसचं पठार निवडावं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना केंब्रिज विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात रानट्युलिपांचा राष्ट्रीय संग्रह पाहता येतो. कुठेही गेलात तरी फूल तोडू नका, कंद उकरू नका, फोटोसाठी बाजूच्या पानांवर बसू नका. एकपानी रोपं गवतासारखी दिसतात आणि पायाखाली सहज चिरडली जातात. फोटो समाजमाध्यमांवर टाकताना नेमकं ठिकाण लिहू नका.

बी पेरा

एकदा हात बसला की दरवर्षी दोन-चार फुलांवर बी धरू द्यावं. जूनच्या सुमारास बोंड वाळून तीन फाकांत उकलतं. आत चपट्या, तपकिरी बियांच्या चळती असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खडीमिश्रित मातीत पेरून वर खडीचा पातळ थर द्यावा आणि कुंडी थंडीपावसात बाहेर ठेवावी. वसंतात कांद्याच्या रोपासारखं दोऱ्याएवढं पान उगवतं. दोन वर्षं ती कुंडी मुळीच उपसू नये. फूल यायला चार ते सहा वर्षं लागतात.

एवढी वर्षं थांबायचं कशाला, याचं उत्तर स्प्रेंगेरी या जातीने दिलं आहे. १८९० च्या दशकात उत्तर तुर्कस्तानातल्या अमास्या भागातून तिचे कंद युरोपात आले. त्यानंतर रानात ती कुणाला सापडलेली नाही. आज ती जिवंत आहे ती केवळ बागांमध्ये, माणसांनी बी जमवलं, पेरलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटलं म्हणून. मे-जूनमध्ये, बाकी सगळे ट्युलिप आटोपल्यावर तिचं लाल फूल येतं आणि मानवलेल्या जागी ती आपलं बी आपणच पाडून उगवते. तेव्हा कुंडीवर जातीचं पूर्ण नाव आणि पेरल्याचं वर्ष लिहून ठेवा, जास्तीचे कंद आणि बी नावासकट दुसऱ्यांना द्या. या ऑक्टोबरमध्ये दहा कंद आणि एक खोल कुंडी, एवढ्यावर सुरुवात करा.